रमाई शिकायला निघाली तर पोर कुणाच्या कडेवर?

दोस्तांनो, एक साधा सवाल आहे. उत्तर भाषणात नको, सरळ द्या.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले. १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. तेव्हा परळच्या चाळीत पोर कुणाच्या कडेवर होतं? रमाईच्या. उपास तिनं काढले. पुढं पाचांतली चार लेकरं तिच्या डोळ्यांदेखत गेली. बाबासाहेब ते विसरले नाहीत, ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ त्यांनी तिला अर्पण केलं. आपणही २७ मेला तिच्या फोटोला हार घालतो, रडतो, घरी जातो.

आता सवाल असा, की आज रमाईच शिकायला निघाली तर? तिच्या घरी कोण?

मी नालासोपारा पूर्वेला राहते. एम.ए. करते. नवरा नाही. मेला की पळाला, ते विचारायचं कारण नाही. पोरगी साडेतीन वर्षांची. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी भरायचं, डबा करायचा, पोरगी झोपेतच उचलायची नि मावशीकडं ठेवून लोकल पकडायची. विरारहून येणारी गाडी भरूनच येते. दांडीला लटकत मी वाचते. असं शिकणं चाललंय.

मावशी सख्खी नव्हे, गल्लीच्या टोकाची. वसईच्या गाळ्यात धागे कापायची. काम सुटलं तसं चार पोरं सांभाळायला लागली. गाळ्यात पुन्हा माल आला की ती तिकडं जाते. कधी आदल्या रात्री सांगते. कधी सकाळी दाराला नुसतं कुलूप दिसतं.

अंतर्गत परीक्षेच्या दिवशी असंच कुलूप होतं. पोरीला घेऊनच कॉलेजात गेले. दारात सर म्हणाले, “हे काय पाळणाघर आहे का?” नाय सर. पाळणाघर असतं तर तिला वर्गात कशाला आणली असती? पोरं खो खो हसली. हसणाऱ्यांत आपलीही होती, जय भीम घालणारी. पेपर गेला.

मावशीवर माझा राग नाय. मी देते त्याहून गाळेवाला जास्त देतो. तिच्या पोटावर पाय देऊन मी एम.ए. व्हायचं काय? हा दोन बायकांतला झगडा करू नका. ज्यांनी पोराचा भार आम्हा दोघींवर टाकून अंग काढून घेतलं, झगडा त्यांच्याशी आहे.

कायदा काय म्हणतो बघा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघर आलं, ते मोठ्या कारखान्यातल्या बायकांसाठी. २०१७ च्या दुरुस्तीनं ५० माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आलं. पण विद्यार्थिनी म्हणजे कामगार नव्हे, म्हणून मी बाहेर. मावशीच्या गाळ्यात पंधरा माणसं, म्हणून तीही बाहेर. कायदा आम्हा दोघींच्या मधनं निघून गेला, साडीचा पदरसुद्धा लागला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोग म्हणतो रजा घ्या. पीएच.डी. करणाऱ्या बाईला सगळ्या काळात मिळून एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा, असं २०२२ च्या नियमांत आहे. एम.ए., बी.ए.च्या मुलींसाठी २०२१ साली आयोगानं विद्यापीठांना पत्र धाडलं, प्रसूती रजेचे नियम करा म्हणून. बरं झालं. रजा पाहिजेच. पण रजा म्हणजे घरी बसणं. मला घरी बसायचं नाय, वर्गात बसायचंय. शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. हजेरी मांडणारा कारकून पोरीचा ताप मांडत नाय. २०२३ साली फेलोशिपसाठी आपले संशोधक आझाद मैदानात बसले, तो लढा आपलाच होता. पण त्या फेलोशिपच्या मागणीत पाळणाघराचा भत्ता मागायचं कुणाला सुचलं?

कुणी म्हणेल, पोर ही खाजगी बाब आहे. मग बाबासाहेब वाचा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचं विधेयक आलं तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. आईला विसावा मिळण्यात देशाचं हित आहे आणि तो भार सरकारनंही उचलावा, हे त्यांचं म्हणणं. खाजगी म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. त्याआधी १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, नाडलेल्या विधवेचं मूल आपल्या घरात वाढवलं. शाळा नि पाळणा या दोन चळवळी त्यांना कधी वाटल्या नाहीत.

आणि आपण? १९७२ साली आपण अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून पँथर हे नाव घेतलं. त्यांनी १९६९ साली ओकलंडमध्ये मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता सुरू केला. बंदुकीइतकीच ती ताटली सरकारला सलली. त्याच जानेवारीत एरिका हगिन्सचा नवरा गोळी लागून मेला, तिची मुलगी तेव्हा तीन आठवड्यांची होती. त्याच बाईनं १९७३ ते १९८१ पक्षाची ओकलंडची शाळा चालवली. तिथं पोरांना शिकवत आणि जेवूही घालत. आपण नाव घेतलं, डरकाळी घेतली. नाश्ता तिकडंच राहिला. पुरुषाला डरकाळी सोपी, पोराचं ढुंगण धुणं अवघड.

म्हणून दोन मागण्या. एक सरकारला: प्रत्येक कॉलेजात पाळणाघर, शिष्यवृत्तीत त्याचा भत्ता, आणि वसई-विरार महापालिकेच्या प्रत्येक प्रभागात सकाळी ६ ते रात्री ८ चालणारं पाळणाघर, सांभाळणाऱ्या बाईला मानधन नको, पगार. त्यासाठी मोर्चा काढू, मी पोरगी घेऊन पुढं चालेन.

दुसरी तुम्हाला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या लेखाचा तुकडा याच गावात सापडला. त्याचा अभिमान सांगताना आपली छाती फुगते. पण आपल्या वस्त्यांतले विहार बघा. संध्याकाळी वंदना, जयंतीला गर्दी, बाकी दिवसभर कुलूप. मावशीच्या दाराला कुलूप का, ते मला समजतं. विहाराला कुलूप का? उघडा ते. चटया टाका. जयंतीच्या डीजेची निम्मी वर्गणी मावशीच्या पगाराला द्या, म्हणजे ती गाळ्यात पळणार नाय. तिच्या मदतीला पाळ्या लावा, आणि पाळ्यांत पोरांचीही नावं लिहा. करुणा शिकवायची तर पोराचं नाक पुसण्यापासून शिकवा.

‘शिका’ हा हुकूम अर्ध्या समाजाला देऊन उरलेल्या अर्ध्यानं पोरं धरून बसायचं, ही आपल्याच घरातली वर्णव्यवस्था झाली. ती मोडा. नाहीतर रमाईच्या फोटोला हार घालू नका.

सोमवारी माझा पेपर आहे. पहाटे साडेपाचला विहाराची चावी कुणाकडं असेल, तेवढं सांगा.

जय भीम.