वंशवृक्षाआधीची मशागत

माणूस, माकड, उंदीर यांचे नाते शास्त्रज्ञ आता डीएनएच्या अक्षरांवरूनही जोखतात. त्यासाठी एकाच जनुकाच्या अक्षरमाला आधी एकाखाली एक जुळवाव्या लागतात. अक्षर गळले असेल तिथे मोकळी जागा सोडावी लागते. हे काम साध्या पीसीवर करणारे ‘क्लस्टल’ हे सॉफ्टवेअर १९८८ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये हिगिन्स आणि शार्प यांनी तयार केले. जुळवणी चुकली तरी संगणक वंशवृक्ष काढून देतोच, सुबक पण चुकीचा!

म्हणून आम्हांला वाटते, प्रयोगवहीतही नुसत्या सुबक आकृतीला गुण नकोत, आधीच्या नोंदीही तपासाव्यात. ‘क्लस्टल’ विनामूल्य मिळते. विश्वस्तांनी संगणक कक्षातला आठवड्याचा एक तास जीवशास्त्राला द्यावा, ही विनंती.