नाव फडाचे, गळा कुणाचा?

लिनर्ड स्किनर्ड हा अमेरिकेच्या दक्षिणेतला गाजलेला रॉक बँड. १९७७ च्या विमान अपघातात त्याचा मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट गेला. दहा वर्षांनी धाकटा भाऊ जॉनी त्याच्या जागी उभा राहिला. नाव कुणी वापरायचे यावरून प्रकरण कोर्टातही गेले. मार्च २०२३ मध्ये गॅरी रॉसिंग्टन वारले आणि मूळ संस्थापकांपैकी कुणीच उरले नाही. बँड चालूच आहे. मग हा बँड तोच का, यावर तिकडचे रसिक अजून भांडतात.

वालूरसारख्या गावच्या पारावर हा वाद दोन मिनिटेही टिकणार नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबू ठोकणारा तमाशा फड गेल्या वर्षीचाच असतो आणि नसतोही. दसऱ्याला हंगाम सुरू होण्याआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि त्या फडाशी बांधला जातो. उचल फिटली, किंवा दुसऱ्या मालकाने भरली, की सोंगाडी, ढोलकीवाला, नाचणारी पोर दुसऱ्या ट्रकमध्ये. ट्रकवर रंगवलेले नाव तेवढे जागचे हलत नाही.

ते नाव घराण्यातच फिरते. तुकाराम खेडकरांच्या फडात कांताबाई सातारकरांचे नाव झाले. १९६४ मध्ये तुकाराम गेले आणि कांताबाई मुलांना घेऊन बाहेर पडल्या. इतरांच्या फडात राबून त्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. महाराष्ट्राने तो ओळखला ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ म्हणून. मुलगा आधी, आई नंतर. खेडकर हे आडनाव पुन्हा ट्रकवर चढले ते या बाईच्या कष्टावर. मानाची जागा मात्र मुलाला. (तक्रार त्यांनी केली नसेल, आपण करायला हरकत नाही.) मे २०२१ मध्ये कांताबाई करोनाने गेल्या. फड थांबला नाही. विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःच्या नावाचा फड गाजवला.

यात गैर काही नाही. पण नाव मालकाच्या घरात राहिले, तरी तमाशा राहिला तो फड बदलणाऱ्यांमुळे. गवळणीतली मावशी कुठे थबकते, बतावणीत हशा कुठे पिकतो, ढोलकीचा तोडा कुठे तोडायचा, हे कागदावर कुठेच नसते. या फडातून त्या फडात जाणारा माणूस ते अंगात घेऊन जातो. आणि तोच बिननावाचा. सरकारी अनुदान मिळते फडाला. सुपारी ठरते ती फडाच्या नावावर: पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत यात्रा कमिट्या बसतात, तारीख आणि रक्कम बोलतात, विसार देऊन उठतात. ढोलकीवर यंदा कोण, हे विचारणारा एखादाच जुना दर्दी.

जत्रेच्या फ्लेक्सवर गावचे यच्चयावत स्वागतोत्सुक मावतात, सोंगाड्याचे नाव तेवढे मावत नाही. कमिट्यांनी विसार देतानाच यंदाच्या कलावंतांची नावे लिहून घ्यावीत आणि फ्लेक्सवर छापावीत. दोन स्वागतोत्सुक कमी झाले तर जत्रा काही मोडत नाही.