‘खापर फोडणं’ म्हणजे नेमकं काय? कांजूरमार्गच्या कारशेडवरून समजून घ्या

११ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मेट्रो-३चं कारशेड आरेतून कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा केली. तिथली १०२ एकर मिठागराची जमीन आपली असल्याचा दावा केंद्र सरकारने केला. १६ डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने जमीन देण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला स्थगिती दिली आणि काम थांबलं. भाजपने उशिराचं खापर ठाकरे सरकारवर फोडलं, महाविकास आघाडीने केंद्रावर.

पण हे ‘खापर’ आलं कुठून?

खापर म्हणजे फुटलेल्या मडक्याचा तुकडा. संस्कृत ‘कर्पर’, प्राकृत ‘खप्पर’ आणि मग मराठी ‘खापर’. देवीच्या हातातलं खप्पर याच घरातलं. गंमत म्हणजे संस्कृतात ‘कर्पर’चा अर्थ कवटी असाही होतो. आपल्या ‘कपाळा’चं मूळ असलेल्या ‘कपाल’ शब्दाचेही हेच दोन अर्थ: कवटी आणि मडक्याचा तुकडा. आणि खापर फोडायचं ते कुणाच्या तरी माथ्यावरच!

बातम्यांमध्ये ‘ठपका’ आणि ‘खापर’ सर्रास एकमेकांच्या जागी येतात. इथेच गफलत होते. ठपका ठेवायचा तर चौकशी लागते, अहवाल लागतो, समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. खापर फोडायला यातलं काहीच लागत नाही. शिवाय ते फोडणाऱ्याला स्वतःच्या डोक्यावर नको असतं, हा अर्थही शब्दात दडलेला आहे. म्हणून एखाद्या मथळ्यात ‘खापर’ दिसलं, तर दोष सिद्ध झालाय असं समजू नका. दोष ढकलला जातोय, एवढंच तो मथळा सांगतो.

कांजूरमार्गच्या बाबतीत न्यायालयाच्या त्या स्थगितीने जमिनीच्या मालकीचा निकाल लागला नव्हता. उशीर कुणामुळे, हा तर तिथला प्रश्नच नव्हता. म्हणजे ठपका कुणावरच नाही, खापर मात्र दोघांवर. दरम्यान मेट्रो-३चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या वर गेला. त्यातला किती कारशेडच्या वादामुळे, याचा हिशेब खापर फोडणाऱ्यांना विचारायला हवा.

२०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा आरेत गेलं. कांजूरमार्गला आता मेट्रो-६चं कारशेड होतंय.