आठचा आकडा आणि ९५ अश्वशक्ती

ओळखीतल्या तिघांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. साडेसहाशे सीसीच्या आसपासची स्पोर्ट्‌स बाईक घ्यायची आहे, कुठली घेऊ? मी तिघांनाही उलट विचारलं: सध्या काय चालवतोस, रोजचा रस्ता कुठला, आणि ऐंशीच्या वेगात पुढचा ब्रेक पूर्ण दाबून गाडी सरळ थांबवायचा सराव शेवटचा कधी केलास? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली. तिसऱ्याला तिघेही गप्प झाले. एक जण जरा वेळाने म्हणाला, ‘आता एबीएस असतं की.’

एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. ब्रेक वेळेवर आणि पुरेसा दाबणं हाताकडेच राहतं, आणि हाताला ते शिकवावं लागतं. ज्याच्या हाताला ते येत नाही त्याने ९५ अश्वशक्तीची गाडी घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो. माणसं रागावतात. रागावू देत. पस्तीस वर्षं मी दुचाकी चालवतो आहे, सुरुवात आरएक्स १०० वर झाली, आणि या काळात ज्यांच्या अंत्ययात्रेला गेलो त्यांतल्या दोघांच्या गाड्या नव्याकोऱ्या होत्या.

मागच्या वर्षी भाच्यासाठी शोरूम पालथी घातली. भाचा २४ वर्षांचा, चार वर्षं दोनशे सीसीची गाडी चालवलेला, पगार बरा. त्याला चार सिलिंडरची हवी होती. कारण विचारलं तर म्हणाला, ‘मामा, आवाज ऐक ना एकदा.’ विक्री करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. गाडी जागेवर उभी करून सुरू करतात, क्लच दाबून अ‍ॅक्सलरेटर पिळतात, पोराच्या अंगावर काटा येतो आणि अर्धा सौदा तिथेच होतो. कंपन्यांची नावं सांगण्यात अर्थ नाही, कारण तीन ठिकाणी तोच प्रकार झाला. टेस्ट राइड म्हणजे दारापासून पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन परत, धड एक किलोमीटरही नाही. एका ठिकाणी मी म्हटलं, पलीकडच्या गल्लीतून नेऊ द्या, तिथे दोन गतिरोधक आहेत. उत्तर मिळालं, ‘सर, तिकडे नको, खालून घासेल.’

शोरूमशेजारच्या गल्लीत घासणारी गाडी त्याच शहरातल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, आणि ती घासते हे पैसे भरून होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही. याला मी फसवणूक म्हणतो.

दोष एकट्या गाडीचा नाही, हेही सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. एवढ्या रुंद उंचवट्यावरून गाडी चढते आणि उतरते. कावासाकी निन्जा ६५० च्या पोटाखाली १३ सेंटिमीटर जागा आहे, तीही त्यावरून आरामात जाते. पण आपल्या सोसायट्यांसमोर असतो तो हातभर रुंदीचा डांबराचा ढीग. पुढचं चाक पलीकडे उतरतं तेव्हा मागचं अजून अलीकडेच असतं आणि ढीग बरोबर पोटाखाली येतो. मागे माणूस बसला असेल तर सस्पेन्शन दबून आणखी जागा जाते. रोज असे पंधरा ढीग ओलांडणाऱ्याने गाडी निवडताना सगळ्यात आधी हे मोजायला हवं. ते कोणी मोजत नाही, कमाल वेग किती ते मात्र सगळ्यांना पाठ असतं.

आता या वर्गाला लावतात त्या ‘मिडलवेट’ या शब्दाचं. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी ६०० सीसीच्या चार सिलिंडर गाड्यांचा वर्ग उभा केला. १९८५ ची कावासाकी जीपीझेड ६००आर, १९८७ ची होंडा सीबीआर ६००एफ, आणि पुढे १९९९ ची यामाहा आर६. त्यातली आर६ तर शर्यतीसाठीच जन्मली. तिचं इंजिन खूप वरच्या आरपीएमला गेल्यावर खरं जिवंत होतं. युरोपात युरो ५ चे नियम आले आणि २०२० नंतर तिची रस्त्यावरची आवृत्ती तिथे बंद झाली. आज त्याच वर्गाच्या नावाने ज्या गाड्या समोर येतात त्या बहुतेक वेगळ्या जातीच्या आहेत. निन्जा ६५० चं इंजिन झेड ६५० आणि व्हर्सिस ६५० मध्ये बसतं. डेटोना ६६० चं इंजिन ट्रायडंट ६६० वरून आलं. सुझुकी जीएसएक्स-८आरचं इंजिन व्ही-स्ट्रॉम ८०० लाही चालतं. म्हणजे रोज ऑफिसला जाणारी, सामान बांधून लडाखला जाणारी इंजिनं आहेत ही. माझ्या मते ही या गाड्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू. संताप येतो तो त्या शर्यतीच्या गाड्या म्हणून विकल्या जातात याचा. जाहिरातीत रायडर गुडघा टेकवून वळतो, आणि गिऱ्हाईक जातं सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

भाच्याला मी कागदावर दोन ओळी लिहून दाखवल्या. निन्जा ६५०: दोन सिलिंडर, ६८ अश्वशक्ती, ६४ न्यूटन मीटर टॉर्क, तोही ६,७०० आरपीएमला. होंडा सीबीआर ६५०आर: चार सिलिंडर, ९५ अश्वशक्ती, ६३ न्यूटन मीटर टॉर्क, ९,५०० आरपीएमला. होंडाचं इंजिन सुंदर आहे, त्याबद्दल माझा एका शब्दाचाही वाद नाही. पण ताम्हिणी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांवर फिरणाऱ्या इंजिनाकडे पाहा. तिथे जो ओढा लागतो तो दोन सिलिंडरची गाडी हाताशी आणून देते. चार सिलिंडरची तोच देण्यासाठी गिअर खाली पाडायला आणि काटा बराच वर न्यायला लावते. काटा तिथे असताना गाडी कुठल्या वेगाला असते याचा विचार करा. जास्तीची २७ अश्वशक्ती ज्या वेगाला कामाला येते तो वेग घाटात गुन्हा आहे. २०२५ च्या सुरुवातीला दोघींच्या एक्स-शोरूम किमतीत पावणेतीन लाखांच्या आसपास फरक होता. तो पैसा भाचा कशासाठी देणार होता? आवाजासाठी.

१०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर म्हैस दिसली, डोक्याने ओळखली, बोटं लिव्हरवर गेली, यात एक सेकंद सहज जातो. ते २८ मीटर ब्रेक लागण्याआधीचे. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे शाळेच्या विज्ञानात शिकवतात. लवासा रोडच्या आंधळ्या वळणांवर समोरचे तीस मीटरही धड दिसत नाहीत. तरी दर रविवारी पहाटे तिथे पोरं ‘कॉर्नर मारायला’ जातात. वळणापलीकडे एखादा गावकरी दुधाचे कॅन लावून सायकलवर येत असतो. त्याने काय पाप केलं? हा रस्ता त्याचा आहे.

आणि पोरांनी जायचं तरी कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. मुंबईच्या कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. राज्यातले सगळ्यात रुंद, सगळ्यात सपाट रस्ते दुचाकीला नाहीत. दहा लाखांची, उत्तम ब्रेक असलेली गाडी जुन्या महामार्गावर बोरघाटात ट्रकांच्या मधे ढकलायची. आंतरराष्ट्रीय दर्जाचा, मोठ्या गाड्यांना पुरेल असा कायमचा ट्रॅक महाराष्ट्रात एकही नाही. पुण्याच्या रायडरला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला जायचं तर हजार किलोमीटरच्या पुढे प्रवास. चाकण, वाळूज, बारामती ही नावं देशाच्या दुचाकी उद्योगात घेतली जातात, आणि त्या राज्यात मोठी गाडी शिकण्यासाठी असा एक ट्रॅक नाही. ज्या सरकारांनी कारखान्यांना सवलती देताना हात आखडला नाही, त्यांच्यापैकी एकालाही हे सुचलं नाही.

बारामतीचं नाव घेतलं ते मुद्दाम. एप्रिलिया आरएस ४५७ तिथे बनते आणि तिथून युरोपात जाते. तिची ताकद ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७.६ अश्वशक्ती. पेट्रोलसह वजन १७५ किलो. हे आकडे कुठून आले? युरोपात २०१३ पासून सध्याचं टप्प्याटप्प्याचं लायसन्स आहे. अठराव्या वर्षी ‘ए२’ मिळतं. त्यावर ३५ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही, आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. ३५ ला १७५ ने भागा, बरोबर ०.२ येतात. म्हणजे बारामतीचे कामगार जी गाडी जोडतात ती इटलीतल्या अठरा वर्षांच्या पोराचा जीव डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. त्या पोराला मोठी गाडी हवी असेल तर दोन वर्षं याच ताकदीत काढायची आणि पुन्हा परीक्षा द्यायची किंवा प्रशिक्षण घ्यायचं. थेट मोठी हवी तर वयाची २४ वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

आणि बारामतीच्या पोराला? कच्चं लायसन्स काढायचं, ३० दिवस थांबायचं, काकाच्या शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवायचा. झालं. ‘गिअरसह मोटरसायकल’ हा एकच शिक्का. त्या शिक्क्यावर तो दुसऱ्या दिवशी शंभर सीसी चालवू शकतो, ६५० चालवू शकतो आणि १,३४० सीसीची हायाबुसाही. त्याचा जीव इटलीतल्या पोराच्या जिवापेक्षा स्वस्त आहे असं कायद्यात लिहिलेलं नाही. पण कायदा वागतो तसाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. रस्त्यावरच्या बहुतेक दुचाकी लहान असल्यामुळे मरणारे बहुतेक साध्या गाड्यांवरचेच असणार. म्हणून तर मी विचारतो, शंभर सीसीवर जे आपल्याला शिकवलं गेलं नाही ते कित्येक पट ताकदीवर आपोआप येईल का?

सरकारला मोठी गाडी दिसते ती फक्त कर लावताना. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के, कोल्ड्रिंकच्या रांगेत. ताकद किती, ब्रेक कसे, चालवणारा शिकलेला आहे का, यांतलं काहीच विचारायचं नाही. सिलिंडरचं माप घ्यायचं आणि पावती फाडायची.

भाच्याने शेवटी आरएस ४५७ घेतली. महिनाभर तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. चार सिलिंडरच्या गाडीत आणि हिच्यात जो फरक पडला त्यातून मी त्याला पूर्ण तोंड झाकणारं चांगलं हेल्मेट, पाठीत संरक्षक पट्टी असलेलं जॅकेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घ्यायला लावले. त्यात सत्तर हजार गेले. मग दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला पाठवला. परत आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते हे: ‘मामा, मला ब्रेक मारताच येत नव्हता.’ चार वर्षं गाडी चालवलेल्या मुलाचं हे वाक्य आहे. मी स्वतः दोन सिलिंडरची साडेसहाशे चालवतो, आणि पावसाळ्यात तिची सगळी ६८ अश्वशक्ती वापरायची वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही.

त्या शोरूमपैकी एकात आमच्या शेजारच्या टेबलावर एक वडील सह्या करत होते. मुलगा एकोणीस-वीसचा. आधी काय चालवलंस म्हणून मी विचारलं. ‘काका, पप्पांची शंभर सीसीची.’ वडील माझ्याकडे वळून म्हणाले, ‘एकुलता एक आहे हो. हौसेला मोल नसतं.’ मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. परक्याच्या आनंदात विघ्न नको असा भिडस्तपणा मी त्या दिवशी केला आणि त्याची मला लाज वाटते. चार सिलिंडरची गाडी फुलांचा हार घालून बाहेर आली. कायद्याने गाडीबरोबर द्यावं लागतं ते हेल्मेट आईच्या हातात खोक्यातच होतं. शोरूमच्या पायरीवर सगळ्यांचा फोटो काढला. फोटोसाठी मुलगा गाडीवर बसला आणि त्याने ऐटीत एक पाय फूटरेस्टवर ठेवला. पायात चप्पल होती.