इकडील सर्व क्षेम

जुन्या पत्रांची सुरुवात ठरलेली असे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असले, तरी नांदेडच्या आत्याबाईंना जाणाऱ्या कार्डावर पहिली ओळ ‘इकडील सर्व क्षेम’ अशीच पडे. ते असत्य नव्हे, तो शिष्टाचार होता. दूरच्या माणसाच्या जिवाला घोर लागू नये, एवढाच त्यामागील हेतू. कार्ड वाचले जाई आणि तारेला अडकवले जाई. त्यावरून लिहिणाऱ्याची उलटतपासणी कुणी घेत नसे.

ती आता होऊ लागली आहे. येथे कोठीत राहणारे आमचे एक स्नेही कापडाच्या दुकानात नोकरीस होते. रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. आत सळई घालावी लागली. दिवसभर उभे राहण्याचे काम सुटले. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज केला. पुढे भाचीच्या लग्नात वधूवरांशेजारी उभे असलेले त्यांचे हसरे छायाचित्र मुलाने फेसबुकवर टाकले. पुण्याच्या एका आप्ताने प्रकृती विचारली. यांनी खाली लिहिले, ‘आता अगदी ठणठणीत!’

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी नेमके तेच पुढे केले. ‘हे आपणच ना? आणि हे शब्दही आपलेच?’ स्नेह्यांनी होकार दिला. छायाचित्रापूर्वी दोघांनी धरून त्यांना उभे केले होते आणि पुढच्याच क्षणी खुर्चीत बसवले होते, हे त्या चित्रात कोठून दिसणार? निकाल अद्याप लागावयाचा आहे.

अशा छायाचित्राला एवढे महत्त्व का यावे? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली जखमी व्यक्तीला भरपाई मागता येते. परंतु वैद्यकीय दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईची हानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले. त्या माणसाचा व्यवसाय कोणता आणि अपघातानंतर तो काय करू शकतो, हे पाहावयाचे असते. म्हणूनच तो उभा आहे की नाही, हा प्रश्न पैशाचा होऊन बसतो.

‘फोनवरचे चित्र कोर्टात चालत नाही,’ असा समज पुष्कळांचा आहे. आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातील जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद याच मुद्द्यावर गाजला. अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मूळ उपकरण हजर न करता प्रत दाखल करावयाची, तर कायद्याने सांगितलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद आहे. पण न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त पद्धतीची असते. आणि साक्षीदारानेच ‘होय, मीच’ म्हटल्यावर दाखल्याच्या ढालीचा उपयोग तो किती?

मग करावे काय? दावा चालू असेतो आपल्या प्रकृतीविषयी व प्रवासाविषयी काही प्रसिद्ध करू नये. मुलाबाळांनाही तसे बजावावे. मजकूर आप्तांपुरताच ठेवला तरी तो पुढे धाडला जातोच. पूर्वी टाकलेले घाईने पुसून टाकू नये. प्रत दुसऱ्याकडे असली, तर लपवाछपवीचा संशय तेवढा येतो. ते आधीच आपल्या वकिलांना दाखवावे, म्हणजे फेरतपासणीत खरी परिस्थिती सांगवून घेता येते. उपचारांचे कागद तारीखवार जपावेत. आणि दुखणे वाढवून मात्र सांगू नये. खोटा दावा ज्या छायाचित्राने उघडा पडतो, त्याला दोष देता येणार नाही.

आप्तांना धीर द्यावा, अवश्य द्यावा. पण ‘ठणठणीत’ लिहिण्याऐवजी ‘काठीने चालतो, हळूहळू सुधारत आहे’ असे लिहिले, तर आत्याबाईंना घोर लागणार नाही आणि न्यायासनापुढे मानही खाली घालावी लागणार नाही.