सातबाऱ्यासोबत डोंगराचीही माहिती द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड-अलिबाग

विषय : महाड व पोलादपूर तालुक्यांतील दरड आणि पूर यांच्या धोक्याची गटनिहाय माहिती खरेदीपूर्वी उपलब्ध करून देण्याबाबत

महोदय,

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये येथील कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडी येथेही डोंगर खचला, तर सावित्री नदीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी दरडींचे हेच संकट भोगले होते. या पार्श्वभूमीवर, घर घेण्यापूर्वी काय तपासावे हा प्रश्न या दोन तालुक्यांत केवळ खरेदीदाराचा राहत नाही.

स्वतःच्या घराचे लाभ निर्विवाद आहेत. भाडे आणि जागा सोडण्याची टांगती तलवार टळते, कर्जासाठी तारण मिळते, मुलाबाळांना वारसा राहतो आणि मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्याला म्हातारपणी परतण्याचे ठिकाण उरते. स्त्रीच्या नावे घराची खरेदी झाल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर पडल्यावर मदत मागतानाही नावाची नोंद कामी येते. मात्र ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे अनेक कुटुंबांना वेळ आल्यावरच कळते.

म्हणूनच कागद पाहणे ही पहिली पायरी ठरते. सातबारा आणि त्यावरील फेरफार, म्हणजे मालकी-बदलाच्या नोंदी, जुळतात का. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, वारस किंवा बँकेचा बोजा आहे का. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे परवानगीवाचून विकता न येणारी, आहे का. बिनशेती परवानगी आणि बांधलेल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे वकिलाच्या शोध अहवालातून पडताळता येते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील, आठाहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर असते. तरीही 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमधील तारीक गार्डन ही इमारत कोसळून 16 जणांचा बळी गेला, तेव्हा तिला दहा वर्षेही झाली नव्हती. त्यामुळे खांब-तुळयांची स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घेणे हा वायफळ खर्च मानता येत नाही.

परंतु कागद कितीही चोख असले, तरी घरामागचा उतार त्यांत उतरत नाही. सह्याद्रीच्या कातळावर माती-मुरमाचा जो थर असतो, तो अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होतो, त्याची कातळावरची पकड सुटते आणि तो एकदम घसरतो. डोंगराला पडलेल्या भेगा, कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा आणि घरासाठी वा रस्त्यासाठी पायथ्याशी उभी कापलेली माती या खुणा गावकऱ्यांना दिसतात. बाहेरून आलेल्या खरेदीदाराला त्या कोणी दाखवत नाही. दरडप्रवण ठिकाणांच्या याद्या गावांच्या किंवा वाड्यांच्या नावाने निघतात, घर मात्र गट क्रमांकावर उभे राहते; एकाच गावातील एक गट निर्धोक आणि शेजारचा धोक्याचा असू शकतो.

सबब, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडविषयक नकाशे आणि सावित्रीच्या पूररेषा गट क्रमांकांशी जोडून ही माहिती तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासोबत मराठीत मिळावी. बिनशेती आणि बांधकाम परवानगी देताना ती तपासणे बंधनकारक व्हावे. आणि दस्त नोंदवण्यापूर्वी खरेदीदाराला तिची प्रत देण्याची व्यवस्था नोंदणी विभागाच्या समन्वयाने करावी. तळीयेच्या पुनर्वसनाची घरे बांधण्याचे काम शासनाने म्हाडाकडे सोपवले; दरड कोसळल्यानंतर घरे बांधून देण्यापेक्षा ती कोठे बांधू नयेत हे आधी सांगणे प्रशासनाला कमी खर्चाचे आणि नागरिकांना अधिक हिताचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान या दोन तालुक्यांत ही सुरुवात व्हावी, ही विनंती.