पहिली नोकरी : पोराच्या हातात काय पडते?

दहावीचा निकाल लागला की कापड बाजारात दरवर्षी तोच प्रकार सुरू होतो. वडील पुढे, मुलगा मागे. वडील गादीजवळ येऊन सलाम करतात आणि म्हणतात, "सेठ, पोरगा घरी बसून आहे, कुठेतरी लावून घ्या." काम काय, वेळ किती, पगार किती, यातले काहीच विचारले जात नाही. सेठ मुलाकडे एक नजर टाकतात, "उद्यापासून पाठवा" म्हणतात आणि दोन मिनिटांत सोळा वर्षांच्या मुलाची पहिली नोकरी ठरते. ज्याला ती करायची आहे त्याने या बोलण्यात तोंडसुद्धा उघडलेले नसते.

आम्ही या बाजारात जवळजवळ चाळीस वर्षे आहोत. गाठी उचलणाऱ्या मुलापासून गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंतच्या सर्व पायऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. आमचे स्पष्ट मत असे आहे की, अठरा वर्षांच्या आतील मुलाला कामावर घेताना चार गोष्टी पाळल्या गेल्या पाहिजेत. अटी त्याला स्वतःला सांगाव्यात, पगार त्याच्या स्वतःच्या हातात द्यावा, कामाचे तास कायद्याप्रमाणे ठेवावेत आणि वर्षाअखेर त्याला असे एखादे काम यावे जे आदल्या वर्षी येत नव्हते. ज्या दुकानाला हे जमत नाही त्याने मुलगा घेऊ नये, मोठा माणूस घ्यावा आणि मोठ्या माणसाचा पगार द्यावा.

गिरणीचा दरवाजा बंद झाला

एक काळ असा होता की मुंबईत मदनपुऱ्यासारख्या वस्तीतला तरुण वडिलांच्या मागोमाग कापड गिरणीत जाई. प्रथम बदली कामगार म्हणून नाव लागे, रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहावे लागे, काम मिळाले तर मिळाले. तरीही ती नोकरी कागदावर असे. हजेरी असे, युनियन असे, कायम झाल्यावर प्रॉव्हिडंट फंड असे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्या पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत आणि कापड विणण्याचे काम अधिकाधिक भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेले.

काम गेले नाही, पण काम मिळण्याची रीत बदलली. आज आपल्या मुलांची पहिली नोकरी यंत्रमागाच्या शेडमध्ये, कांड्या भरण्याच्या मशीनवर, शिलाईच्या कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा कापडाच्या दुकानात लागते. येथे हजेरीचा कागद क्वचितच असतो. सर्व काही ओळखीवर चालते.

ओळखीवर माणूस घेणे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आपला धंदा विश्वासावर उभा आहे. गल्ल्याजवळ उभा राहणारा मुलगा कोणत्या घरातला आहे हे सेठला माहीत असावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण या पद्धतीत दोन खोट आहेत. पहिली ही की ज्या मुलाचा मामा किंवा चाचा बाजारात नाही तो कितीही हुशार असला तरी त्याला दरवाजा उघडत नाही. दुसरी ही की ज्याला नोकरी मिळते त्याला काही विचारता येत नाही. त्याने पगाराचा विषय काढला तर वडिलांची मान खाली जाते. म्हणून तो गप्प राहतो, आणि पहिल्याच नोकरीत गप्प राहायला शिकतो.

याहून वाईट प्रकार उचलीचा. घरात आजारपण किंवा बहिणीचे लग्न निघते, वडील मालकाकडून उचल घेतात आणि ती फेडायला मुलगा कामावर जातो. महिना संपतो, पण मुलाच्या हातात काही येत नाही. हिशेब मालकाच्या वहीत आणि वडिलांच्या डोक्यात असतो. किती फिटले, किती राहिले, हे काम करणाऱ्यालाच माहीत नसते. कर्ज वडिलांचे असेल तर ते वडिलांच्या नावावर ठेवावे. मुलाच्या मजुरीतून ते परस्पर वळते करून घेणे म्हणजे त्याच्या घामावर दुसऱ्याचे खाते लिहिणे होय.

आमची स्वतःची पहिली नोकरी 1986 सालची, दहावीनंतरची, कापडाच्या एका पेढीवरची. पगार महिन्याच्या महिन्याला घरी पोचत होता, पण तो किती हे आम्हाला वर्षभर कोणी सांगितले नाही. घरात पैशाची गरज होती, तक्रार करण्याचे कारण नव्हते. तरीही आपल्या कामाची किंमत काय, हे आपल्यालाच ठाऊक नाही, ही बोच त्या वयात लागते आणि राहते.

कायदा समजून घ्या

त्याच 1986 साली बालकामगार कायदा झाला आणि 2016 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्या बहुतेक व्यापारी बंधूंना यातले फक्त एक वाक्य माहीत असते, ते म्हणजे "चौदाच्या आतला नको." ते बरोबर आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घरच्या धंद्यात मुलाने शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावला तर चालतो, पण धोक्याच्या कामात तेही नाही.

परंतु चौदा ते अठरा या वयाच्या मुलांसाठीही नियम आहेत, आणि त्यांची चर्चा बाजारात होत नाही. खाणी, स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत त्यांना घेता येत नाही. इतर कामातही सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्यानंतर निदान एक तास विश्रांती द्यावी लागते. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. आणि या सर्वांची नोंद असलेले रजिस्टर मालकाने ठेवले पाहिजे.

हे वाचून काही व्यापारी म्हणतील की दुकान सकाळी दहाला उघडते आणि रात्री नऊला बंद होते, सहा तासांच्या मुलाचे आम्ही काय करायचे? आमचे उत्तर असे की, अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी सकाळचे असतात. मुलगा सकाळी कॉलेजात जाईल आणि दुपारी एक ते संध्याकाळी सात दुकानावर येईल, मध्ये एक तास सुट्टी. गिऱ्हाइकी दुपारनंतरच वाढते, म्हणजे दुकानाचीही सोय होते. यात मुलाचे शिक्षण सुटत नाही. ज्याचे सुटलेले आहे त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. परीक्षेच्या दिवसांत त्याला सुट्टी देणारा सेठ मुलाच्या कायमचा लक्षात राहतो.

रमजानचा सीझन

आपल्या समाजातल्या कितीतरी मुलांची खरी पहिली नोकरी रमजानच्या महिन्यातली असते. कपड्यांच्या दुकानांना त्या महिन्यात जादा हात लागतात. मुलगा हौसेने येतो, ईदच्या आदल्या रात्री त्याच्या हातात रक्कम पडते, त्यातून तो अम्मीसाठी काही घेतो. या आनंदाला आमचा विरोध नाही.

पण 2024 आणि 2025 या दोन्ही साली रमजान आणि दहावीची परीक्षा मार्च महिन्यात एकत्र आली. सेहरीपर्यंत चालणाऱ्या बाजारात रात्रभर उभा राहणारा मुलगा सकाळी पेपरला बसतो तेव्हा त्याचा निकाल काय लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. चंद्राच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून हा प्रश्न एका वर्षापुरता नव्हता आणि पुढेही वेगवेगळ्या परीक्षांच्या वेळी येत राहील. आमचे म्हणणे असे की परीक्षेला बसलेला मुलगा सीझनला घेऊ नये, मग त्याचे वडील कितीही विनवोत. त्याला पेपर संपल्यावर बोलवावे. आणि अठराच्या आतील कोणत्याही मुलाला सातनंतर घरी पाठवावे. रात्रीच्या गर्दीसाठी मोठी माणसे घ्यावीत. खर्च थोडा वाढेल. तो धंद्याचा खर्च आहे, तो पोराच्या झोपेतून काढू नये.

शिकवायचे काय?

पहिल्या महिन्यात मुलगा झाडू मारील, चहा आणील, ताके उचलील. यात कमीपणा नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा दोन वर्षांनंतरही तो चहाच आणत असतो. आमच्या मते सहा महिन्यांत मुलाला कापडाची घडी, माप, पन्हा आणि आट येणे या गोष्टी कळल्या पाहिजेत. हात लावून सुती कोणते, टेरिकॉट कोणते आणि निव्वळ पॉलिस्टर कोणते हे सांगता आले पाहिजे. वर्षभरात त्याला बिल वाचता यावे, ट्रान्सपोर्टची बिल्टी माल आणि गाठींच्या मार्क्याशी ताडून पाहता यावी. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, तेव्हापासून बिल, रिटर्न आणि ई-वे बिल समजणारा मुलगा दुकानात सोन्यासारखा आहे. हे काम शिकवायला खर्च येत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास मुनीमजीजवळ बसवले तरी पुरे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. मराठी शाळेत विषय म्हणून होती, पण पेढीवरच्या गाठींवर गावांची नावे देवनागरीत रंगवावी लागत आणि आमचा हात चालत नसे. पेढीवरच्या वृद्ध मुनीमजींनी आम्हाला रोज वीस गावांची नावे रद्दी कागदावर लिहायला लावली. संगमनेर, मंगरूळपीर, उमरगा असा सारा महाराष्ट्र आम्ही आधी कुंचल्याने लिहिला आणि मग पाहिला. ती नोकरी सुटली, ती अक्षरे आजही पोट भरतात. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला बाजाराची मराठी आणि बिलापुरती इंग्रजी शिकवणारा सेठ त्याला पगारापेक्षा मोठी वस्तू देतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा येतो की शिकवलेला मुलगा निघून जातो किंवा समोरच दुकान थाटतो. जातो, हे खरे आहे. पण जाऊन तो माल कोणाकडून उचलतो? आमच्याकडे शिकलेली दोन मुले आज आपापल्या गावी दुकान चालवतात आणि ठोक माल आमच्याकडूनच नेतात. त्यांची उधारी बुडण्याची भीती आम्हाला वाटत नाही, कारण त्यांचा हिशेब आम्हीच पक्का केलेला आहे.

मुलांना आणि मुलींना दोन शब्द

मुलांना आम्ही सांगू की काम शोधायला स्वतः जा. वडिलांना सोबत न्या, पण बोला तुम्ही. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुकान उघडल्यावर पहिल्या तासात जा, तेव्हा सेठला बोलायला फुरसत असते. अदबीने चार गोष्टी विचारा : काम काय, वेळ कोणती, पगार किती व कोणत्या तारखेला, आणि सुट्टी कोणत्या दिवशी. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते, इतरत्र वेगळी, म्हणून हेही आधी ठरलेले बरे. बँकेत आपल्या नावाचे बचत खाते उघडा. रिझर्व्ह बँकेने 2014 सालीच दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवण्याची मुभा द्यायला बँकांना परवानगी दिली आहे. घरी पैसे जरूर द्या, पण आपल्या हाताने द्या.

आपल्या मुलींची पहिली कमाई बहुधा घरातच होते, साडीला फॉल-पिको करून, जरीकाम करून, मणी-टिकल्या लावून. माल देणारा हिशेब आईशी करतो आणि मुलीच्या कामाची वेगळी नोंदच राहत नाही. तिच्या नावाची एक साधी वही असावी, त्यात तारीख, नग आणि दर असावा. पुढे ती स्वतः काम घ्यायला उभी राहील तेव्हा दर ठरवण्यासाठी तीच वही तिच्या कामी येईल.

असोसिएशनने पुढे यावे

शेवटी बाजाराच्या असोसिएशनला आमची सूचना आहे. दरवर्षी निकालानंतर ज्या दुकानांना मुलगा हवा आहे त्यांची यादी असोसिएशनच्या कार्यालयाबाहेर लावावी, म्हणजे ज्याची ओळख नाही त्यालाही दरवाजा दिसेल. सोबत एका पानाचा छापील कागद ठेवावा : नाव, वय, काम, तास, पगार, सुट्टी आणि वर्षभरात काय शिकवणार. खाली सेठची, वडिलांची आणि मुलाची अशा तीन सह्या. ज्यांना रीतसर शिकाऊ उमेदवार घ्यायचा आहे त्यांच्यासाठी 1961 चा अप्रेंटिस कायदा आहेच. तो चौदा वर्षांपासून पुढे लागू होतो आणि त्यात करारावर पालकाची सही लागते.

उधारीवर माल देताना आपण चिठ्ठी घेतो, बिल्टीशिवाय गाठ सोडत नाही. मुलाला कामावर ठेवतानाही एक कागद करावा, एवढेच आमचे मागणे आहे.